वाहिनी कुठल्या देशाची, सिनेमा कुणाचा? युरोपातल्या प्रसारण आणि सहनिर्मिती कायद्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे साधारण तीन गटांतले असतात. माध्यम कायदा शिकणारे विद्यार्थी. फ्रान्स किंवा जर्मनीतून सिनेमाला पैसा मिळेल का याचा अंदाज घेणारे निर्माते. आणि युरोपात राहणारी मराठी मंडळी, ज्यांचं सबस्क्रिप्शन सीमा ओलांडली की वेगळंच वागायला लागतं. शंका वेगवेगळ्या वाटल्या तरी मुळाशी बहुतेक वेळा एकच भांडण असतं: ही वाहिनी कुठल्या देशाची मानायची, आणि हा सिनेमा कुणाचा? खाली आधी वाहिन्या घेतल्या आहेत, मग सिनेमा.

‘युरोपचा कायदा’ म्हणतात तो नेमका कुणाचा?

दोन वेगळ्या संस्थांचा, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. एक युरोपीय संघ, २७ देशांचा. दुसरी कौन्सिल ऑफ युरोप: १९४९ साली स्थापन झालेली, मुख्यालय स्ट्रासबर्गला, आज ४६ देश सदस्य. ब्रिटन, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, युक्रेन हे संघात नाहीत, पण कौन्सिलमध्ये आहेत. रशियाही होता, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर मार्च २०२२ मध्ये त्याला बाहेर काढलं.

संघ निर्देश काढतो. सदस्य देशांना तो ठरलेल्या मुदतीत आपापल्या कायद्यात उतरवावा लागतो. नाही उतरवला तर युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी यंत्रणा, त्या देशाला लक्झेंबर्गच्या, म्हणजे संघाच्या, न्यायालयात खेचू शकतो. कौन्सिल करार तयार करते, आणि ज्या देशाला पटेल तो त्यावर सही करतो. स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय कौन्सिलचं, संघाचं नव्हे. टीव्हीसाठी दोघांकडे एकेक दस्तऐवज आहे. सिनेमाच्या सहनिर्मितीचा बहुपक्षीय करार मात्र एकट्या कौन्सिलचा. संघ तिथे पैशाच्या वाटेने शिरतो.

दोन्ही दस्तऐवज १९८९ सालीच का आले?

उपग्रहामुळे. लक्झेंबर्गच्या कंपनीचा अ‍ॅस्ट्रा १ए डिसेंबर १९८८ मध्ये अवकाशात गेला आणि गच्चीवर छोटी डिश बसवली की परक्या देशांच्या वाहिन्या घरात येऊ लागल्या. तोवर पश्चिम युरोपातल्या अनेक देशांत टीव्ही म्हणजे सार्वजनिक प्रसारकांची मक्तेदारी होती. आता सरकारांना सीमेवर काही अडवता येईना. कौन्सिलचा सीमापार टीव्ही करार ५ मे १९८९ रोजी सह्यांसाठी खुला झाला. संघाचा, म्हणजे तेव्हाच्या युरोपीय समुदायाचा, ‘सीमांविना टीव्ही’ निर्देश ३ ऑक्टोबरला आला.

कायद्याची पायवाट त्याआधीच पडली होती. इटलीतल्या बिएल्ला गावच्या एका छोट्या केबल केंद्राच्या प्रकरणात १९७४ साली लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितलं की टीव्हीचा संकेत (सिग्नल) ही एक सेवा आहे, म्हणून सेवांच्या मुक्त व्यापाराचे नियम तिला लागू. समुदायाकडे त्या काळी संस्कृतीबाबत कायदे करण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून टीव्हीकडे जणू विमा किंवा वाहतूक असल्यासारखं पाहिलं गेलं. पुढे संस्कृतीची कलमं त्यावर चिकटवत नेली. आजचा निर्देश वाचताना ती सांधेजोड अजून दिसते.

स्ट्रासबर्गने वेगळ्या बाजूने धक्का दिला. कौन्सिलच्या मानवी हक्क कराराचं दहावं कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्य देतं आणि त्याच कलमात सरकारला टीव्ही व सिनेमा उद्योगांना परवाना सक्तीचा करण्याची मुभाही देतं. १९९० साली एका स्विस कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने ठरवलं की सोव्हिएत उपग्रहाचे कार्यक्रम डिशवर घ्यायला मनाई करणं या कलमाचा भंग आहे. १९९३ मध्ये ऑस्ट्रियाची सार्वजनिक मक्तेदारीही याच कलमापुढे टिकली नाही.

‘मूळ देशाचं तत्त्व’ म्हणजे काय?

वाहिनी ज्या देशाची, त्याच देशाचा कायदा तिला लागू. बाकीच्या सदस्य देशांनी ती येऊ द्यायची, पुन्हा तपासायची नाही. संघाच्या टीव्ही कायद्याचा हा कणा आहे. १९८९ च्या निर्देशात १९९७ आणि २००७ मध्ये बदल झाले, २०१० साली तो ‘दृक्‌श्राव्य माध्यम सेवा निर्देश’ या नावाने एकत्र बांधला गेला, २०१८ मध्ये पुन्हा दुरुस्त झाला. कणा तोच राहिला.

वाहिनीचं घर कसं ठरतं? मुख्य कार्यालय कुठे आणि कार्यक्रमांबाबतचे संपादकीय निर्णय कुठे होतात, हे आधी पाहतात. दोन्ही गोष्टी एकाच देशात असतील तर प्रश्न मिटला. वेगवेगळ्या देशांत असतील तर कर्मचाऱ्यांचा मोठा भाग कुठे काम करतो ते बघतात. वाहिनीचं युरोपात काहीच नसेल तर ज्या देशातून संकेत उपग्रहाकडे पाठवला जातो, किंवा ज्या देशाच्या उपग्रहाची क्षमता वापरली जाते, तो देश. ही शेवटची कसोटी किरकोळ वाटते, पण पुढच्या प्रश्नात ती मोठं काम करते.

मग एखाद्या देशाला परक्या देशातून येणारी वाहिनी नकोच असेल तर?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि उत्तर लांबच द्यावं लागतं.

स्वीडनमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला बंदी. लंडनमध्ये परवाना घेतलेली, स्वीडिश भाषेतली वाहिनी तशाच जाहिराती स्वीडनमध्ये दाखवत होती. १९९७ साली न्यायालय म्हणालं: तुमचा हा नियम दुसऱ्या देशातून येणाऱ्या वाहिनीवर लादता येणार नाही. फसव्या जाहिरातींविरुद्धचा सर्वसाधारण ग्राहक कायदा वापरायला हरकत नाही, पण प्रसारणावर दुसरी चाळणी लावायची नाही. स्वीडिश पालकांना हा निकाल कसा वाटला असेल याची कल्पना करता येते.

उलट बाजूने, नेदरलँड्सचे नियम चुकवण्यासाठीच लक्झेंबर्गमध्ये दुकान थाटलेल्या वाहिनीला १९९४ मध्ये न्यायालयाने थारा दिला नाही. म्हणजे पत्ता खरा हवा. पळवाट म्हणून घेतलेला पत्ता चालत नाही. व्यवहारात मात्र हे सिद्ध करणं जड जातं.

गंभीर प्रकरणांत, म्हणजे द्वेषाला चिथावणी, मुलांना गंभीर हानी, सार्वजनिक सुरक्षेला धोका अशा वेळी, येणारी वाहिनी तात्पुरती रोखायची तरतूद आहे. पण पायऱ्या बऱ्याच: उल्लंघन उघड आणि गंभीर हवं, बहुतेक प्रकारांत वर्षभरात आधीही घडलेलं हवं, मूळ देशाला आणि आयोगाला कळवायला हवं, बोलणी करायला हवीत. म्हणून देश आडवाटा शोधतात. डेन्मार्कहून चालणाऱ्या रॉज टीव्ही या कुर्द वाहिनीवर जर्मनीने बंदी घातली. २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जर्मनीच्या हद्दीतल्या तिच्या हालचालींवर बंधन घालता येईल, पण डेन्मार्कहून होणारं प्रसारण थांबवता येणार नाही. लिथुआनियाने लंडनचा परवाना असलेली एक रशियन भाषेतली वाहिनी बंद न करता फक्त पैसे भरून घ्यायच्या पॅकेजमध्ये ढकलली. २०१९ मध्ये न्यायालयाने ते चालवून घेतलं, कारण संकेत अडलेला नव्हता. असं पाहिलं तर बरंच काही चालतं.

मार्च २०२२ मध्ये आरटी आणि स्पुतनिक ही रशियाची सरकारी माध्यमं संघात बंद झाली ते मात्र टीव्ही कायद्याने नव्हेच. संघाच्या परिषदेने (सदस्य देशांच्या मंत्र्यांची; ही कौन्सिल ऑफ युरोप नव्हे) आर्थिक निर्बंधांच्या अधिकारात ती बंदी घातली आणि जुलै २०२२ मध्ये संघाच्या जनरल कोर्टाने ती कायम ठेवली. कारण समजण्यासारखं असलं, तरी नियामकांना बाजूला सारून सरकारांनी थेट वाहिनी बंद करण्याचा पायंडा पडला. पुढे कुणी तो कमी सबळ कारणासाठी वापरला तर काय, याचं उत्तर त्या निकालात नाही.

आणि उपग्रहाची कसोटी? फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑफकॉम या ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने चीनच्या सीजीटीएन या सरकारी वाहिनीचा परवाना रद्द केला; परवानाधारक कंपनीच्या हातात संपादकीय नियंत्रणच नाही, हे कारण. महिन्याभरात फ्रान्सच्या नियामकाने सांगितलं की ही वाहिनी युटेलसॅट या फ्रेंच कंपनीच्या उपग्रहामुळे फ्रान्सच्या अधिकारकक्षेत येते. संघातून बाहेर पडलेलं ब्रिटन आणि फ्रान्स हे दोघेही कौन्सिलच्या १९८९ च्या कराराचे सदस्य, आणि तो करारही एकमेकांच्या वाहिन्या येऊ द्यायला सांगतो, त्यामुळे त्या जुन्या कराराला अचानक पुन्हा महत्त्व आलं.

भारतीय वाहिन्यांना हे लागू होतं का?

युरोपात परवाना घेऊन चालत असतील तर पूर्णपणे. ब्रिटनमधल्या बऱ्याच दक्षिण आशियाई वाहिन्या ऑफकॉमच्या परवान्यावर चालतात. ‘रिपब्लिक भारत’चा परवाना तिथे वर्ल्डव्ह्यू मीडिया नेटवर्ककडे होता. सप्टेंबर २०१९ मध्ये दाखवलेल्या चर्चेच्या एका कार्यक्रमात पाकिस्तानी लोकांबद्दल द्वेषपूर्ण भाषा होती, म्हणून ऑफकॉमने डिसेंबर २०२० मध्ये २०,००० पौंड दंड केला. कार्यक्रम भारतात तयार झाला, भारतीय प्रेक्षकांसाठी झाला, हा बचाव तिथे उपयोगाचा नाही. परवाना ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची.

ब्रेक्झिटनंतर ऑफकॉमचा परवाना संघाच्या २७ देशांत आपोआप चालेनासा झाला. लंडनमध्ये बसून अख्ख्या युरोपात प्रसारण करणाऱ्या अनेक कंपन्यांनी त्याआधीच नेदरलँड्स, आयर्लंड अशा ठिकाणी दुसरे परवाने काढून ठेवले.

‘युरोपीय कार्यक्रमांचा कोटा’ किती असतो?

टीव्हीसाठी निम्म्याहून जास्त प्रसारणवेळ. मोजताना बातम्या, खेळांचे सामने, गेम शो, जाहिराती, टेलिटेक्स्ट आणि टेलिशॉपिंग वगळतात. शिवाय किमान १० टक्के वेळ, किंवा कार्यक्रमांच्या खर्चाचे १० टक्के, वाहिनीशी संबंध नसलेल्या स्वतंत्र निर्मात्यांच्या युरोपीय कामांसाठी.

दोन गोष्टी लक्षात घ्या. कोटा ‘युरोपीय’ कामांचा आहे, आपल्या देशाच्या कामांचा नव्हे. जर्मन वाहिनीने डॅनिश मालिकांवर तो भरला तरी चालतं. आणि निर्देशातच ‘जिथे शक्य असेल तिथे’ असे शब्द आहेत. फ्रान्सला कडक कोटा हवा होता, इतर काही देशांना कोटाच नको होता; या शब्दांवर तडजोड झाली. फ्रान्सने मग घरच्या कायद्यात हवं ते केलं: टीव्हीवरच्या सिनेमा-मालिकांत ६० टक्के युरोपीय आणि ४० टक्के मुळात फ्रेंच भाषेतली कामं. निर्देश किमान पातळी ठरवतो. आपल्या वाहिन्यांवर त्याहून कडक नियम घालायला देश मोकळे असतात.

अमेरिकेचा याला विरोध होताच. १९९३ मध्ये उरुग्वे फेरी या वाटाघाटींच्या शेवटी गॅट हा जागतिक व्यापार करार जवळजवळ याच मुद्द्यावर अडला होता. युरोपीय समुदायाने दृक्‌श्राव्य क्षेत्र खुलं करण्याचं वचन दिलं नाही, आणि २०१३ साली अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी सुरू करताना संघाने हे क्षेत्र आधीच बाहेर ठेवलं.

नेटफ्लिक्ससारख्या सेवांचं काय?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर मागणीनुसार व्हिडिओ देणाऱ्या सेवांच्या यादीत किमान ३० टक्के युरोपीय कामं हवीत, आणि ती प्रेक्षकाच्या नजरेला पडतील अशी मांडायला हवीत. मोजणी तासांवर नाही, शीर्षकांवर होते; मालिकेचा एक सीझन म्हणजे एक शीर्षक. त्यामुळे आठ तासांचा सीझन आणि दीड तासाचा सिनेमा यादीत सारखेच. अगदी छोट्या सेवांना सूट आहे.

खरा फरक पैशाच्या कलमाने पडला. नेटफ्लिक्सचं युरोपीय कार्यालय अ‍ॅमस्टरडॅमला, म्हणून मूळ देशाच्या तत्त्वाने तिच्यावर देखरेख डच नियामकाची. पण २०१८ च्या दुरुस्तीने मुभा दिली की ज्या देशातल्या प्रेक्षकांकडे सेवा वळलेली आहे, तो देशही तिथल्या कमाईच्या प्रमाणात निर्मितीसाठी पैसे मागू शकतो. मूळ देशाच्या तत्त्वाला पडलेली ही सर्वांत मोठी भेग. फ्रान्सने जून २०२१ च्या हुकुमाने फ्रान्समधल्या उलाढालीच्या २० टक्के रक्कम युरोपीय आणि फ्रेंच कामांत गुंतवायला लावली. सिनेमा चित्रपटगृहात लागल्यावर वर्षाच्या आत दाखवायचा असेल तर २५ टक्के. स्वित्झर्लंड संघात नाही, तरी तिथे मे २०२२ मध्ये सार्वमत झालं आणि ४ टक्क्यांचा नियम मंजूर होऊन १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. स्ट्रीमिंगच्या पैशाबद्दल अख्ख्या देशाने मत द्यावं, हे स्विस लोकांनाच जमतं.

चित्रपटगृहात लागलेला सिनेमा फ्रान्समध्ये इतक्या उशिरा ऑनलाइन का येतो?

हा संघाचा कायदा नाही. निर्देश एवढंच सांगतो की हक्कधारकाशी ठरलेल्या मुदतीबाहेर सिनेमा दाखवू नका. मुदती फ्रान्समध्ये उद्योगातले पक्ष आपसांत बसून ठरवतात आणि सरकार त्या सगळ्यांना बंधनकारक करतं. २०२२ च्या करारात कॅनाल प्लस या पैसे भरून घ्यायच्या फ्रेंच वाहिनीला सहा महिने, नेटफ्लिक्सला १५. डिस्ने प्लसने २०२५ मध्ये जास्त गुंतवणुकीचं वचन देऊन नऊ महिने मिळवले. जो सिनेमात जास्त पैसे घालतो त्याला सिनेमा आधी, असा हा उघड सौदा आहे, आणि तो लपवलेला नाही हे त्यातलं बरं.

जाहिरातींचे नियम?

सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेत २० टक्क्यांपर्यंत, संध्याकाळी ६ ते मध्यरात्री पुन्हा २० टक्क्यांपर्यंत. पूर्वी प्रत्येक तासाला १२ मिनिटांची मर्यादा होती. सिनेमा आणि बातम्या दर ३० मिनिटांच्या नियोजित वेळेमागे एकदाच तोडता येतात. तंबाखू आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं यांची जाहिरात बंद.

फुटबॉलचे मोठे सामने फुकट दिसतात, ते कसं?

१९९७ पासून प्रत्येक देशाला ‘समाजासाठी महत्त्वाच्या’ घटनांची यादी करून आयोगाकडे पाठवता येते. यादीतल्या घटना फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी विकता येत नाहीत. ब्रिटन आणि बेल्जियमने फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम फेरीतले सगळे सामने यादीत घातले. सगळेच सामने महत्त्वाचे कसे, म्हणत फिफा न्यायालयात गेली आणि जुलै २०१३ मध्ये हरली.

शिवाय बातम्यांसाठी कुठलीही वाहिनी अशा सामन्याचे छोटे तुकडे घेऊ शकते, साधारण ९० सेकंदांपर्यंत. हक्क विकत घेतलेल्याला फक्त तुकडा देण्याचा प्रत्यक्ष खर्च मागता येतो. स्काय ऑस्ट्रियाने याला आव्हान दिलं होतं. २०१३ च्या जानेवारीत तीही हरली.

मी पॅरिसहून माद्रिदला गेलो की माझं सबस्क्रिप्शन चालतं, पण माद्रिदची सेवा पॅरिसमधून घेता येत नाही. असं का?

पहिली गोष्ट १ एप्रिल २०१८ पासूनच्या नियमामुळे: तात्पुरत्या प्रवासात तुमची पैसे भरून घेतलेली सेवा संघभर तुमच्याबरोबर येते. दुसरी हक्कांच्या विक्रीमुळे. सिनेमाचे हक्क देशवार विकले जातात आणि त्या विक्रीवरच निर्मितीचा बराचसा पैसा उभा राहतो. म्हणून देशानुसार अडवणूक करायला बंदी घालणाऱ्या २०१८ च्या नियमातून दृक्‌श्राव्य सेवा वगळल्या गेल्या.

या भिंतीला एकदा मोठं भोक पडलं होतं. पोर्ट्समथमधल्या एका पबची मालकीण ग्रीक डीकोडर कार्ड वापरून इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने ग्राहकांना दाखवायची, कारण ते कितीतरी स्वस्त पडायचं. २०११ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्या सदस्य देशातलं कार्ड आणून वापरायला बंदी घालणं मुक्त सेवेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. पबमध्ये दाखवताना लीगचं गीत, बोधचिन्ह यांच्या कॉपीराइटचा प्रश्न वेगळा, असंही म्हटलं. लोकांना फक्त पहिला भाग आठवतो.

आता सिनेमा. सहनिर्मितीला करार कशाला लागतो? दोन निर्माते एकत्र आले की झालं ना?

पैसे एकत्र करायला करार लागत नाही. लागतो तो नागरिकत्वासाठी. फ्रान्सच्या सरकारी सिनेमा केंद्राचा निधी, इटलीची करसवलत, टीव्हीचा कोटा हे सगळं ‘आपल्या’ सिनेमासाठी असतं. सरकारमान्य सहनिर्मिती म्हणजे एकाच सिनेमाचं नाव दोन रेशनकार्डांवर, आणि तेही कायदेशीर. फ्रान्स आणि इटली यांनी १९४९ मध्ये असा करार केला, आणि पुढच्या दोन दशकांत दोन्ही देशांच्या नावावर शेकडो सिनेमे झाले.

पण दर दोन देशांत वेगळा करार म्हटल्यावर तीन-चार देश एकत्र आले की कागदपत्रांचा गुंता होतो. तो सोडवायला कौन्सिल ऑफ युरोपने २ ऑक्टोबर १९९२ रोजी स्ट्रासबर्गला बहुपक्षीय करार केला. तो १ एप्रिल १९९४ पासून लागू झाला.

त्यात टक्केवारी आणि गुण कसे मोजतात?

१९९२ च्या करारात बहुपक्षीय सहनिर्मितीला किमान तीन सदस्य देशांतले निर्माते हवेत, प्रत्येकाचा वाटा १० ते ७० टक्के. दोनच देश असतील तर २० ते ८०. सदस्य नसलेल्या देशांतले निर्माते मिळून ३० टक्क्यांपर्यंत. छोट्या देशांना १० टक्केही जड जायचे. म्हणून सुधारित करार आला, ३० जानेवारी २०१७ रोजी रॉटरडॅम चित्रपट महोत्सवात. त्यात बहुपक्षीय वाटा ५ ते ८० टक्के आणि दोन देशांत १० ते ९०. हा करार युरोपाबाहेरच्या देशांनाही खुला आहे. जुन्या कराराचेच सदस्य असलेल्या देशांशी व्यवहार जुन्या नियमांनी होतो, म्हणून कुठला देश कुठल्या करारात आहे हे आधी तपासायचं.

गुणांचा तक्ता सुधारित करारात २१ चा आहे. दिग्दर्शक ४, पटकथा ३, संगीत १. मुख्य भूमिका ३, दुसरी २, तिसरी १. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, कला किंवा वेशभूषा यांना प्रत्येकी १. स्टुडिओ किंवा चित्रीकरणस्थळ १, दृश्य परिणामांचं ठिकाण १, पोस्ट-प्रॉडक्शनचं ठिकाण १. सदस्य देशांतल्या माणसांचे आणि ठिकाणांचे मिळून किमान १६ हवेत. जुन्या तक्त्यात १९ पैकी १५ लागायचे.

समजा फ्रान्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्गच्या निर्मात्यांनी सिनेमा ठरवला. पहिली भूमिका मुंबईच्या अभिनेत्रीची, दुसरी पुण्याच्या नटाची, संगीतकार भारतीय. सहा गुण गेले, उरले १५. बाद. संगीत व्हिएन्नाच्या संगीतकाराकडे दिलं की १६, पास. कलेच्या दृष्टीने हे हास्यास्पद आहे, आणि करार लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक असावं: पटकथेची गरज असेल तर कमी गुणांवरही दर्जा देण्याची मुभा संबंधित देशांना ठेवली आहे. ती मागायला लाजू नये.

पैसा नेमका कुठून येतो?

कौन्सिलकडे युरिमाज हा निधी आहे, १९८८ पासून. तो खास सहनिर्मितीसाठीच, आणि मदत बहुतांशी सिनेमाला कमाई झाली तर परत करायची असते. कॅनडाही २०१७ मध्ये त्यात आला. संघाकडे क्रिएटिव्ह युरोप कार्यक्रम: २०२१ ते २०२७ साठी सुमारे २.४४ अब्ज युरो, त्यातले ५८ टक्के ‘मीडिया’ या सिनेमा-टीव्हीसाठीच्या विभागाला. तरीही मोठी रक्कम देशांच्या आणि प्रांतांच्या निधीतूनच येते.

त्या निधीवर संघाच्या स्पर्धा कायद्याचा लगाम आहे, कारण सरकारी मदत म्हटली की आयोग डोकावतो. २०१३ च्या नियमांनुसार मदत सिनेमाच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. एकाहून अधिक सदस्य देशांचे निर्माते आणि पैसा असेल तर ६० टक्क्यांपर्यंत. पहिला-दुसरा सिनेमा, लघुपट, माहितीपट अशा अवघड कामांना ही मर्यादा नाही. आणि आपल्याकडच्या निर्मात्यांच्या सहसा नजरेतून सुटणारी ओळ: ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने केलेल्या, विकासनिधी मिळू शकणाऱ्या देशांच्या यादीतले देश सहनिर्मितीत असतील तरी ती मर्यादा उठते. भारत त्या यादीत आहे.

निधी देणारा देश ‘पैसे आमच्याकडेच खर्च करा’ असं म्हणू शकतो, पण एकूण खर्चाच्या ८० टक्क्यांपुढे नाही.

भारताचा यात संबंध कुठे येतो? मराठी निर्मात्याला दार आहे का?

आहे, आणि ते द्विपक्षीय करारांचं. भारताचे इटली, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, पोलंड, स्पेन, पोर्तुगाल यांच्याशी सहनिर्मितीचे करार आहेत.

अलीकडचं मोठं उदाहरण पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. भारत-फ्रान्स सहनिर्मिती, बरोबर नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटलीतलेही निर्माते. मल्याळम, हिंदी आणि मराठी संवाद. चित्रीकरण मुंबईत आणि रत्नागिरीकडे. छाया कदम एका मुख्य भूमिकेत. २०२४ मध्ये कान महोत्सवात त्याला ग्रांप्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. पुढची गंमत या पानाच्या विषयाला धरूनच आहे. ऑस्करसाठी फ्रान्सने ज्या चार सिनेमांतून निवड केली त्यांत तो होता. भारताने दुसरा सिनेमा पाठवला, आणि हा तर भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटला, असं निवड समितीचं मत भारताची निवड करणाऱ्या फिल्म फेडरेशन या संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं. कागदोपत्री दोन्ही देशांचा असलेला सिनेमा शेवटी दोन्हीकडून राहिला. करार नागरिकत्व देतो, पण आपलं म्हणायचं की नाही हे समित्या ठरवतात.

असा सिनेमा युरोपीय टीव्हीच्या कोट्यात ‘युरोपीय’ म्हणून मोजतात का?

मोजता येतो, अटींवर. सदस्य देशाने बाहेरच्या देशाशी केलेल्या द्विपक्षीय करारातून बनलेला सिनेमा युरोपीय मानला जातो, जर खर्चाचा मोठा वाटा संघातल्या निर्मात्यांचा असेल आणि निर्मितीचं नियंत्रण बाहेरच्या निर्मात्याच्या हातात नसेल. म्हणजे फ्रेंच बाजू ५५ टक्के असेल तर तो फ्रेंच वाहिनीला कोट्यासाठी उपयोगी, ४५ असेल तर नाही. वाटाघाटीत हे माहीत असणं फार कामाचं, कारण तुमचा युरोपीय भागीदार बहुमताचा वाटा मागतो तेव्हा त्यामागे केवळ हाव नसते.

ब्रिटिश मालिका ब्रेक्झिटनंतरही या कोट्यात ‘युरोपीय’ मोजल्या जातात, कारण निर्देशाच्या व्याख्येत सीमापार टीव्ही कराराच्या सदस्य देशांची कामं येतात आणि ब्रिटनने तो करार सोडलेला नाही. यावर फ्रान्समध्ये कुरबुर असते.

सहनिर्मितीचा दर्जा कधी मागायचा?

कॅमेरा सुरू होण्याआधी. बहुतेक ठिकाणी मान्यता दोनदा लागते: एकदा चित्रीकरणापूर्वी, हंगामी, दुसऱ्यांदा सिनेमा पूर्ण झाल्यावर, हिशेब आणि तंत्रज्ञांची अंतिम यादी पाहून. भारतात अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या यंत्रणेकडे, एनएफडीसी या सरकारी चित्रपट विकास महामंडळामार्फत. तिकडे भागीदार आपल्या देशाच्या सिनेमा केंद्राकडे. दोन्हीकडचे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत, अगदी टक्केवारीच्या दशांशापर्यंत. भागीदार शोधायचा असेल तर गोव्यात इफ्फी या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने भरणारा फिल्म बाजार २००७ पासून याच कामासाठी आहे. आणि मध्येच संकलक बदलला, पोस्ट-प्रॉडक्शन लक्झेंबर्गहून चेन्नईला हलवलं, असं काही झालं तर ते त्याच आठवड्यात दोन्हीकडे कळवा. गुणांचा तक्ता शेवटच्या यादीवर मोजतात, पहिल्या अर्जावर नव्हे.